पाहुणे घर पाहून जातात, मग फोन येत नाही

तुळशीचं लग्न लागलं की आमच्या टपालात लग्नाची पत्रं वाढतात. यंदा तर सगळी एकाच रडगाण्याची : मुली कमी पडल्या. त्यातली चार निवडली आहेत. नावं-गावं काढून टाकली, तालुका-जिल्हा तेवढा ठेवला. नवीन वाचकांसाठी सांगते : मी एकतीस वर्षं आरोग्य उपकेंद्रात नर्सबाई होते. जन्माचं रजिस्टर हाताखालून गेलं, लग्नं मांडवाच्या कडेला बसून पाहिली. माझी उत्तरं तेवढ्याच अधिकाराची समजावीत.

नर्सबाई, नमस्कार. वय ३३, शिक्षण बी.ए. पाच एकर वावर, सोयाबीन-तूर, एक विहीर, दोन म्हशी. चार वर्षांत एकोणीस ठिकाणी बायोडाटा गेला. सहा मुली पाहिल्या. तीन पाहुणे घर पाहून गेले, मग फोनच नाही. पेपरात वाचलं, आपल्या बुलढाणा जिल्ह्यात हजार पोरांमागं ८५५ पोरी. म्हणजे आमचा नंबर लागणारच नाही का? एक एजंट एक लाख ऐंशी हजारांत मुलगी आणून देतो म्हणतो. आईचं मन झालंय. काय करू? (ता. मेहकर, जि. बुलढाणा)

भाऊ, तो ८५५ चा आकडा आधी बाजूला ठेवा. तो २०११ च्या जनगणनेतला, शून्य ते सहा वर्षांच्या लेकरांचा. ती लेकरं आज पंधरा-वीसच्या आसपासची आहेत. कोणी दहावीला, कोणी आयटीआयला. त्यांच्या डोक्याला बाशिंग लागायचं अजून बाकी आहे. तुम्ही पंचवीस-अठ्ठावीसची मुलगी शोधताय, ती २००१ च्या जनगणनेत त्या रकान्यात होती आणि तेव्हा आपल्या जिल्ह्याचा आकडा होता ९०८. कोणी हात लावला नाही तरी शंभर मुलींमागं एकशे पाचेक मुलगे जन्मतात, म्हणजे हजाराला साडेनऊशे मुली. तुमच्या वेळचा खड्डा हजारात चाळीस-पंचेचाळीसचा. तुमच्या भाच्यांच्या वेळचा शंभराच्या घरातला. तेव्हा काय होईल ते मनात आलं की मला झोप लागत नाही, पण तुमचं पत्र तुमचं आहे.

चाळीसच्या खड्ड्यानं एकोणीस बायोडाटे परत येत नाहीत. बाकीचं काय ते सांगते.

पहिलं, वयाचं अंतर. आपल्याकडं नवरा चार-सहा वर्षांनी मोठाच लागतो. दर साली आदल्या सालापेक्षा जास्त लेकरं जन्मत होती, तोवर हे निभलं. आधीच्या सालात जन्मलेल्या मुलाला नंतरच्या सालातल्या मुली मुबलक. पुढं घरं आटली. महाराष्ट्रात बाईमागं लेकरांची सरासरी १९९२-९३ च्या पाहणीत तीनच्या जवळ होती, २००५-०६ ला दोनच्या थोडी वर, २०१९-२१ ला १.७. आता आधीच्या सालातली पोरं जास्त आणि नंतरच्या सालातल्या मुली कमी. यात कोणाचं पाप नाही, नुसती वजाबाकी आहे. ऑपरेशनच्या कॅम्पला जीप भरभरून बायका मीच नेल्या, ते चूक होतं असं आजही म्हणणार नाही. पण हिशोब असा फिरला.

दुसरं, रांग. सकाळची एसटी भरून गेली की उरलेले घरी जात नाहीत, दुपारच्या गाडीला उभे राहतात, आणि दुपारचे नवे येतातच. चार वर्षांमागं तुमचं जमलं नाही, म्हणून आज तुम्ही तेवीस-चोवीसच्या पोरांसोबत त्याच दारात उभे आहात. शिवाय रांग जिल्ह्याची नाहीच. पोटजात, त्यातून कूळ-देवक वगळून, त्यातून पन्नास-साठ किलोमीटरच्या आतलं. इतक्या गाळण्यांतून खाली किती उरणार? तुमच्या बायोडाट्याच्या तळाशी ‘घटस्फोटित/विधवा क्षमस्व’ असं छापलंय की नाही, ते एकदा काढून बघा. बहुतेक ते टाइप करणाऱ्यानं आपल्या मनानंच टाकलेलं असतं आणि कोणी खोडत नाही.

तिसरं तुम्हाला टोचेल. मुली आहेत, पण त्या गावाबाहेर बघतात. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे तेरा लाखांवर सैनिक मेले. ज्या भागात पुरुष जास्त मेले, तिथं उरलेल्या पुरुषांना आपल्यापेक्षा वरच्या घरातल्या बायका मिळाल्या, असं तिथल्या लग्नांच्या नोंदींवरून अभ्यासकांनी दाखवलंय. जो कमी तो वर सरकतो. आपल्याकडं मुलगी कमी, म्हणून मुलगी वर सरकते. आणि आपल्या डोक्यात ‘वर’ म्हणजे नोकरी, पुणं, निदान अकोला. कास्तकाराची मुलगी आणि खुद्द कास्तकार बाप दोघंही म्हणतात, वावर पाहिजे पण वावरात जाणारा नवरा नको. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात पोरं बाशिंग बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा घेऊन गेली. लोक हसले. मला हसू आलं नाही, पण एक प्रश्न पडला. हीच पोरं बहिणीसाठी स्थळ शोधताना कास्तकार बघतात का?

आता तुमच्या त्या तीन पाहुण्यांकडं येते. ‘घर पाहून गेले, मग फोन नाही’ असं तुम्ही लिहिलंत. घरात त्यांनी काय पाहिलं, ते कोणाला विचारलंत का?

गेल्या मार्गशीर्षात माझ्या मावसभावाकडं असेच पाहुणे आले होते. मुलगा गुणी, वावरही पाच एकरच. मुलीचा बाप आणि काका ओसरीवर बसून विहिरीला पाणी किती, तुरीला उतारा किती, ते विचारत होते. मुलीची मावशी मात्र ‘हात धुऊन येते’ म्हणून मागच्या अंगणात गेली. मी तिच्या मागं टॉवेल घेऊन गेले. बाथरूम म्हणजे तीन पत्रे आणि टिनाचं दार. दाराला कडी नाही. खिळ्याला सुतळीचा फास, तो आतून एका हातानं धरून ठेवायचा आणि दुसऱ्या हातानं आंघोळ. बाईनं तो फास दोनदा लावून पाहिला, दोनदा सुटला. मग स्वयंपाकघरात डोकावली. गॅस होता, पण शेगडीवर पापडाचा डबा आणि स्वयंपाक चुलीवर. ती काही बोलली नाही. पोहे अर्धे ठेवले. गाडीत बसताना माझ्या कानाशी म्हणाली, “बाई, वावर पाच एकर हाय, अन् कडी दोन इंचाची नाही.”

फोन आला नाही. मावसभावानं पुढच्या महिन्यात त्रेचाळीस इंची टीव्ही घेतला, पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून. कडी अजून नाही. मी जाते तेव्हा सुतळीच धरते.

तुमच्या दोन म्हशी आहेत, म्हणून आणखी एक सांगते. आमच्याकडची एक मुलगी चार वर्षांमागं कास्तकाराच्या घरी दिली. मधे मीच होते. मुलगा मुलगी पाहायला आला तेव्हा तिनं पगार विचारला नाही, एकरही विचारले नाहीत. विचारलं, “डेअरीचे पैसे कोणाच्या खात्यात जातात?” मुलगा म्हणाला, बाबांच्या. ती म्हणाली, “अन् शेण काढते कोण?” सगळे गप्प. मुलानं आईकडं पाहिलं, आईनं जमिनीकडं. आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, आईच्या नावानं खातं उघडलंय, तुम्ही आलात की तुमचंही उघडू. लग्न झालं. हुंडा नाही, मानपान नाही, साक्षगंधाच्या दिवशीच लग्न उरकलं. त्या मुलाची आई अजून मला भेटली की म्हणते, मले साठाव्या वर्षी पासबुक दिसलं.

एजंटाचं नाव काढू नका. धंदा कसा चालतो ते ऐका. मुलीसोबत ‘मामा’ आणि ‘मावशी’ येतात, दोघंही भाड्याचे. लग्न एखाद्या देवळात, शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर सह्या. नोंदणीचं नाव काढलं की ‘कागद गावाकडं राहिले’. आठ-पंधरा दिवसांत मुलगी अंगावरच्या दागिन्यांसकट जाते आणि तुम्ही लाजेनं पोलिसांत जात नाही. हे त्यातल्या त्यात बरं. वाईट म्हणजे ती पळून जात नाही, कारण तिला जायला जागाच नसते. तिला कोणीतरी फसवून, विकून आणलेलं असतं आणि विकत घेणाऱ्यांत तुमचं नाव असतं. मग ती मानवी तस्करीची केस होते. आईला हे वाचून दाखवा. एक लाख ऐंशी हजारांत पक्की न्हाणी, संडास आणि वर टाकी होऊन पैसे उरतात.

मी २२ वर्षांची, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. जानेवारीपासून चौदा स्थळं आली. बाबा म्हणतात, हुंडा कोणी मागत नाही, लग्नाचा खर्चही तेच करतात, अशी वेळ पुन्हा येणार नाही. वर्गातला एक मुलगा मला आवडतो, आम्ही फक्त बोलतो. दादाला कळलं, त्यानं मोबाईल काढून घेतला. कॉलेजला आता तोच सोडतो अन् तोच आणतो. मैत्रिणी म्हणतात, मुली कमी झाल्या, आता आपलं राज्य. मग मले तसं काहून वाटत नाही? (ता. रिसोड, जि. वाशिम)

पोरी, तुझं पत्र प्रॅक्टिकलच्या वहीच्या पानावर आहे, मागं कांद्याच्या सालीतल्या पेशी काढल्या आहेत. चांगल्या काढल्यास. मोबाईल गेल्यावरही पत्र टाकायची अक्कल शाबूत आहे, म्हणून तुझी काळजी थोडी कमी करते.

२०२२ च्या उन्हाळ्यात कापूस क्विंटलला बारा हजारांवर गेला होता. त्या साली ज्यांच्या घरात कापूस भरलेला होता, ते त्याच्याच खोलीत खाट टाकून झोपले. दाराला दोन दोन कुलपं. भाव कापसाचा वाढला, पण तो कुठं जाणार हे कापसाला कोणी विचारलं नाही. तुझ्या मैत्रिणींना हे सांग.

हे माझं एकटीचं डोकं नाही. अमेरिकेत मार्शिया गुटेंटाग नावाच्या मानसशास्त्रज्ञ बाई होत्या. त्या १९७७ साली वारल्या, अर्धं राहिलेलं काम त्यांचे यजमान पॉल सेकॉर्ड यांनी पुरं करून १९८३ साली छापलं. (बायकोचं अर्धं काम नवऱ्यानं पुरं केल्याचं उदाहरण मला तरी हे एवढंच ठाऊक.) त्यांचं म्हणणं असं : जिथं बायका जास्त असतात, तिथं पुरुष बांधून घ्यायला टाळाटाळ करतात. जिथं बायका कमी, तिथं पुरुषांना लग्नाची घाई, बायकोची किंमतही मोठी. पण पैसा, जमीन, कायदा पुरुषांच्याच हाती असेल, तर ते तिला जपायच्या नावाखाली कोंडतात. लवकर लग्न, बाहेर कमी, शिकणं कमी. हरियाणात २०११ ला हजार पुरुषांमागं ८७९ बायका होत्या. तिथं आसाम, बंगाल, बिहारकडून पैसे देऊन बायका आणतात. त्यांना ‘पारो’, ‘मोलकी’ म्हणतात. मोलकी म्हणजे मोलानं आणलेली. गावात बायका कमी, म्हणून या बायकांचं राज्य आलं असं काही तिथं झालेलं नाही.

एक खासगी प्रश्न विचारते, घरी कोणाला दाखवू नको. दादाचं लग्न झालंय का? झालं नसेल, तर त्या चौदा स्थळांपैकी किती जणांनी ‘आमच्याकडं लग्नाची मुलगीही आहे’ असं सांगितलं, ते आठव. साटंलोटं, म्हणजे आपली मुलगी द्यायची अन् त्यांची करायची, आमच्या लहानपणी गरिबीमुळं व्हायचं, आता मुली मिळत नाहीत म्हणून परत येतंय. तसं असेल, तर तुझ्या लग्नाची घाई तुझ्यासाठी नाही हे तुला कळलेलं बरं. नसेल, तर मी म्हातारी उगाच संशयी, सोडून दे.

बाबांशी मात्र हिशोबानं बोल. चौदा स्थळं आली याचा अर्थ ‘पुन्हा वेळ येणार नाही’ असा होत नाही. पंचविसाव्या वर्षी चौदाची वीस होतील. घाई त्या लोकांना आहे, आपल्याला काय म्हणून? परीक्षा, मग एक वर्ष नोकरीचं किंवा बी.एड.चं, अशी तारीख तू स्वतः त्यांच्यासमोर ठेव. बापाला तारीख दिली की तो पाहुण्यांना ती सांगू शकतो. नुसतं ‘नाही’ त्याला चार माणसांत सांगता येत नाही.

दहावी-बारावीच्या मार्कशीट, आधार आणि बँकेचं पासबुक तुझ्याजवळ ठेव. जबरदस्ती झाली तर १८१ हा महिलांचा नंबर आहे, शेजारणीच्या मोबाईलवरूनही लागतो. वर्गातल्या मुलाबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही सांगत नाही. एवढंच बघ, मोबाईल गेल्यावर तो काय करतो. गप्प बसला, दुसरीकडं बोलायला लागला, की दादाच्या अंगावर धावून गेला? तिन्हीतून माणूस कळतो.

आम्ही गोंदिया जिल्ह्यातले, दोन एकर धानाची शेती. आमच्याकडे मुली कमी नाहीत, तरी नोकरीवाला हुंडा मागतो. बुलढाण्याकडचा एक मध्यस्थ आला, म्हणे तिकडं पंधरा एकर, लग्नाचा खर्च त्यांचा, वर पन्नास हजार रोख. मुलगी २० ची, बारावी झालेली. द्यावी का? (ता. अर्जुनी मोरगाव)

दादा, तुमचा जिल्हा मला देवाघरचा वाटतो. २०११ ला हजार पुरुषांमागं ९९९ बायका, आणि लहान लेकरांत हजार मुलांमागं ९५६ मुली. एकाच विदर्भाची ही दोन टोकं. विदर्भ एक्स्प्रेसला गोंदियात बसा, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरला उतरा, गाडी न बदलता शंभर मुली गळून जातात. धानाच्या मुलखात रोवणी बाईच्या हाताशिवाय होत नाही, म्हणून तिकडं मुलगी कधी ओझं वाटली नाही, असं काही अभ्यासक मानतात. तुमच्याकडं गोंडांत तर पोरगा लमसेना होऊन सासऱ्याच्या घरी राबायचा, तेव्हा त्याला मुलगी मिळायची. मुलीच्या बापाला मुलाकडून देज, म्हणजे पैसे, मिळणं हेही आपल्याकडं कित्येक जातींत होतं. तेव्हा पैसे घेतले म्हणून विकली, असं एकदम कोणी म्हणू नये. पण देज चार माणसांत, मांडवात मोजून दिलं जायचं. मध्यस्थाच्या खिशातून, रात्री, मोटारसायकलच्या सीटवर नाही.

पन्नास हजार घेऊ नका. ज्या दिवशी घ्याल, त्या दिवसापासून मुलगी माहेरी परत येऊ शकत नाही. आलीच, तर आधी रक्कम मागतील.

स्थळ बघायचंच असेल, तर मध्यस्थाला न सांगता जा. मुलीची आई सोबत पाहिजे आणि तिथं एक मुक्काम करा. जेवायच्या वेळेला घर कळतं. सातबारा तलाठ्याकडून काढा. पंधरा एकर चार भावांत असेल, तर पावणेचार झाले. गावातल्या दुसऱ्या कोणाची सून तुमच्याकडची आहे का, ते विचारा आणि तिला एकटीला भेटा. मुलाचं वय आधारवर बघा, फोटोवर नाही. ठरलंच, तर लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत ग्रामसेवकाकडं त्याच आठवड्यात. १९९८ च्या कायद्यानं गावात तोच निबंधक असतो.

आणि मुलीला विचारा. भात खाऊन वाढलेली पोर रोज ज्वारीची भाकर थापेल, तुमची झाडीबोली ऐकून सासरचे हसतील, आजारी पडली तर आई यायला एक रात्र जाईल. दक्षिण कोरियात असंच झालं होतं. तिथं मुलींची टंचाई झाली, खेड्यातल्या कास्तकारांनी व्हिएतनामहून बायका आणल्या. बऱ्याच नांदल्या, बऱ्याच भाषेवाचून मुक्या झाल्या. आपल्या पोरीला निदान मराठी तरी आहे. फोन तिच्या हातात राहील, हे मात्र लग्नाच्या आधी वदवून घ्या.

नर्सबाई, हे पत्र छापलं तरी नाव कुठं येऊ देऊ नका. वय ५७. पहिली मुलगी झाली. मग दोनदा तालुक्याला ‘तपासणी’ केली अन् दोनदा मोकळी होऊन आली. मग दोन मुलगे. मुलगी दिली, सुखी आहे. मुलगे ३१ अन् २८ चे, दोघांचंही जमत नाही. रात्री वाटते हे त्याचंच फळ. मुलांना सांगू का? (जि. बुलढाणा)

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दोन दिवस बाजूला ठेवलं.

तुम्ही लिहिलं नाही, पण मला ठाऊक आहे, त्या काळी रिपोर्ट कागदावर देत नसत. आमच्या तालुक्याच्या गावी एक दवाखाना होता, तिथं ‘सोमवारी या’ म्हटलं की मुलगा आणि ‘शुक्रवारी या’ म्हटलं की मुलगी. ज्या बाईला शुक्रवार मिळाला, ती माझ्याकडं धनुर्वाताचं दुसरं इंजेक्शन घ्यायला येत नसे. घरी गेले तर सासू सांगायची, पडलं. मी रजिस्टरात लिहायची, ‘गर्भपात, आपोआप’. असं किती वेळा लिहिलं ते मोजलेलं नाही. महाराष्ट्रानं याविरुद्ध कायदा १९८८ सालीच केला होता, देशात पहिल्यांदा. केंद्राचा १९९४ चा. ‘गर्भलिंग तपासणी हा गुन्हा आहे’ ही पाटी माझ्या उपकेंद्राच्या भिंतीवर मीच खिळा ठोकून लावलेली, आणि तिच्याच खाली बसून मी ‘आपोआप’ लिहीत होते. तक्रार केली असती तर बदली झाली असती, बस्स. तेवढ्याला भ्याले. म्हणून तुम्हाला शिकवायची माझी पायरी नाही.

फळाबिळाचं मनातून काढा. नीट बघा, त्या दोघी जन्मल्या असत्या तर तुमच्या सुना थोड्याच झाल्या असत्या? दुसऱ्या कोणाच्या दारात माप ओलांडलं असतं. तुमच्या सुना कमी झाल्या त्या दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्या शुक्रवारी. प्रत्येक घरानं आपापला हिशोब केला, आणि सून बाहेरून येणारच आहे असं धरून चाललं. शिक्षा एकेका घराला नेमून मिळाली असती, तर ज्यांनी काही केलं नाही त्यांची पोरं का बसून राहिली असती?

आणखी एक. पत्रात सगळीकडं ‘केली’, ‘मोकळी होऊन आली’. सगळं एकटीच्या अंगावर. जीपचं भाडं कोणी दिलं? दवाखान्यात सोबत कोण बसलं होतं? तुम्ही तेव्हा तेवीस-चोवीसच्या, दोन तोळे डोरल्याशिवाय तुमच्या नावावर काय होतं? तुम्ही सुटलात असं मी म्हणत नाही. पण सासू, नवरा, डॉक्टर आणि मी, आम्हा सगळ्यांना त्या पत्रात जागा द्या.

मुलांना सांगायचं का, तर थोरल्याला सांगा. लग्न जमत नाही म्हणून नाही. उद्या त्याची बायको दुसऱ्यांदा पोटुशी राहील, तेव्हा घरात कोणीतरी ‘एकदा बघून घेऊ’ म्हणेल. तालुक्याला कडक झालं तरी जिल्ह्याबाहेर, गाडीत यंत्र घेऊन फिरणारे निघालेत. तेव्हा घरात नाही म्हणणारं माणूस एकच असेल, आणि ते तुम्ही असाल. ते बळ यायला आधी बोलणं झालेलं असावं लागतं. मुलीला सांगू नका असं मला वाटतं, पण यावर मी ठाम नाही. तिला कदाचित ठाऊकही असेल, लेकी झोपेतसुद्धा ऐकतात.

माझ्याशी बोलायचं असेल, तर मी येते. मेहकरहून तुमच्या बाजूला सकाळी गाडी आहे. पत्ता तुम्ही पाकिटाच्या मागं पेन्सिलीनं लिहिला होता, गावाच्या नावाची पहिली दोनच अक्षरं वाचता येतात. पुन्हा लिहून पाठवा. पेनानं.